ई-टाइपचा डिफ आधी की मागचं सस्पेन्शन आधी? जरा सविस्तर सांगतो

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जॅग्वार ई-टाइप, सिरीज 1, 4.2 लिटरवाली, बरीच वर्षं उभी होती, आता रस्त्यावर आणलीय. अॅक्सिलरेटर सोडला किंवा दाबला की मागून ठक् आवाज येतो, ठराविक स्पीडला डिफमधून (डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा) हूंऽऽ असा सूर येतो आणि मागच्या ब्रेक डिस्कवर तेल दिसतंय. मेकॅनिक म्हणतोय क्राऊन-पिनियन (डिफमधली मुख्य गिअरची जोडी) गेलं, नवीन सेट टाका. तुम्ही विचारताय की आधी डिफ करून घेऊ आणि सस्पेन्शन पुढच्या वर्षी, की उलट.

माझं म्हणणं असं की या गाडीत हे दोन वेगळे भाग धरून चालतच नाही. 1961 मध्ये ई-टाइप आली तेव्हा बॉब नाइट यांच्या टीमने जी मागची बाजू बनवली होती तिच्यात डिफ हाच सस्पेन्शनचा मधला खांब आहे. पत्र्याचा एक पिंजरा, त्यात वरून चार बोल्टांनी लटकवलेला सॅलिसबरी 4एचयू डिफ, डिफच्या खालच्या अंगाला विशबोनचे (चाकाला धरून वर-खाली होणारा आडवा आर्म) आतले पिव्हट, डिफला चिकटूनच दोन्ही डिस्क आणि कॅलिपर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वरची विशबोन नाहीच. तिचं काम ड्राइव्हशाफ्ट करतो. म्हणजे तुम्ही वळणावर गाडी टाकली की टायरचा आडवा जोर ड्राइव्हशाफ्टमधून, त्याच्या दोन क्रॉसमधून (युनिव्हर्सल जॉइंट) थेट डिफच्या आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. साध्या लाइव्ह अॅक्सलच्या गाडीत क्रॉस ढिला झाला तर फक्त आवाज येतो, इथे क्रॉस ढिला झाला की मागचं चाक वरच्या बाजूने आत-बाहेर हलायला लागतं, म्हणजे गाडी मागून स्वतःच थोडी थोडी स्टिअर करते. म्हणून "आधी हे, मग ते" असं केलंत तर पिंजरा दोनदा उतरवावा लागेल, आणि एकदा उतरवून बघा, दुसऱ्यांदा उतरवायची हौस राहत नाही.

आता हेही कबूल करतो की सगळ्याच गाड्यांना पूर्ण काम लागत नाही. गाडी कोरड्या जागेत उभी होती की ओलीत, आधीच्या मालकाने ग्रीस गन कधी हातात घेतली होती का, तुमच्याकडे प्रेस आणि डायल गेज आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. म्हणून सुट्टे पार्ट मागवायच्या आधी एक दिवस नुसता तपासणीला द्या, पाना हातात न घेता.

गाडी बॉडीखाली भक्कम स्टँडवर घ्या, मागची दोन्ही चाकं मोकळी, गिअर टाकलेला. एकाने चाक हळूच पुढे-मागे फिरवायचं, दुसऱ्याने टॉर्च घेऊन खाली पडायचं आणि हालचाल कुठे सुरू होते आणि कुठे मरते ते बघायचं. पहिली जागा हबचे स्प्लाइन (वायर व्हील ज्यांच्यावर बसतं त्या दातेरी खाचा), तुमची वायर व्हील असतील तर हे नक्की बघा, कारण घासलेल्या स्प्लाइनचा ठक् आणि डिफचा ठक् कानाला सारखाच वाटतो आणि लोक उगाच डिफ खोलून बसतात. मग बाहेरचा क्रॉस, मग आतला क्रॉस, मग डिफचा फ्लॅन्ज, मग पुढे पिनियनचा फ्लॅन्ज आणि प्रॉपशाफ्टचे क्रॉस. प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा प्ले (ढिलेपणा) असतो आणि सगळ्याची बेरीज होऊन तुम्हाला एकच ठक् ऐकू येतो, म्हणून एकट्या डिफला दोष देऊ नका. यानंतर चाक वर आणि खाली धरून हलवा. वरचं टोक हलतंय आणि ड्राइव्हशाफ्टही आत-बाहेर होतोय, डिस्कसकट, तर आउटपुट शाफ्टची बेअरिंग ढिली आहेत. डिस्क स्थिर आहे पण शाफ्ट हलतोय तर क्रॉस. शाफ्टही स्थिर आणि चाकच हलतंय तर हबची बेअरिंग. खालचं टोक हलत असेल तर विशबोनचे पिव्हट. एवढ्या दहा मिनिटांत अर्धं निदान होतं, आणि आउटपुट बेअरिंग ढिली असली की अजून एक खूण मिळते ती म्हणजे ब्रेक पेडल. डिस्क त्याच शाफ्टवर असल्यामुळे वळणावर ती आडवी हलून पॅड मागे ढकलते आणि वळणानंतरचा पहिला ब्रेक खोल जातो. लोक यासाठी ब्रेक परत परत ब्लीड करत बसतात.

ठक् आवाजाचे आणखी दोन गुन्हेगार विसरू नका. पिंजरा बॉडीला चार व्ही माउंटांवर लटकतो, त्यात रबर धातूच्या पट्टीपासून सुटतं आणि वरवर बघून कळत नाही, पहार घालून हलकेच उचकटून बघावं लागतं. आणि रेडियस आर्मचे (विशबोनपासून पुढे बॉडीपर्यंत जाणारा दांडा) पुढचे मोठे बुश. हे गेले की अॅक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना अख्खा पिंजराच किंचित पुढे-मागे होतो.

सूर येतो त्याबद्दल. तो ओढताना येतो की अॅक्सिलरेटर सोडल्यावर येतो हे आधी ठरवा. फक्त एकाच अवस्थेत, ठराविक स्पीडच्या पट्ट्यात येणारा सूर बहुतेक क्राऊन-पिनियनच्या दातांचा असतो. स्पीडबरोबर सतत वाढत जाणारी घरघर, ओढताना-सोडताना फरक न पडणारी, ती बेअरिंगची. गाडी वर्षानुवर्षं उभी असेल तर तेलाच्या वरच्या बाजूला राहिलेल्या रोलरवर गंजाचे खड्डे पडतात, त्यातून हीच घरघर येते आणि त्याला क्राऊन-पिनियन बदलायची गरज नसते. तिसरा प्रकार, हळू स्पीडला वळताना कडकड किंवा थरथर, तो लिमिटेड स्लिपच्या (एकच चाक नुसतं फिरू न देणारी डिफमधली सोय) क्लच प्लेटांचा, आणि निम्म्या वेळा नुसतं योग्य अॅडिटिव्ह असलेलं तेल टाकलं की शांत होतो. तुमच्या डिफला पॉवर-लॉक, म्हणजे हीच लिमिटेड स्लिप, आहे का ते मागच्या कव्हरच्या बोल्टाखालच्या छोट्या पत्र्याच्या टॅगवर कळेल, पीएल अशी अक्षरं असतात, आणि दातांची संख्याही तिथेच असते.

माझा स्वतःचा नियम असा आहे की जुनं, एकमेकांत बसलेलं क्राऊन-पिनियन मी शक्यतो हलवत नाही. पिंजऱ्यातून डिफ बाहेर आल्यावर मागचं कव्हर काढा, तळाशी कसला कचरा आहे बघा. चुंबकाला चिकटणारा बारीक राखाडी चिखल चालतो, खपल्या किंवा चकत्या आल्या तर मात्र पुढे जावं लागेल. दातांवर बोट आणि नख फिरवा, खड्डे किंवा तुटलेली कड नसेल तर डायल गेज लावून क्राऊनच्या चारपाच ठिकाणी बॅकलॅश (दोन गिअरच्या दातांमधली मोकळीक) मोजा आणि क्राऊनवर कोरलेल्या आकड्याशी ताडून बघा. हो, प्रत्येक सेटचा बॅकलॅश कारखान्यात त्या क्राऊनवरच कोरलेला असतो, आणि पिनियनच्या डोक्यावर त्याची खोलीची सेटिंग आणि जोडीचा नंबर. क्राऊनवर आणि पिनियनवर नंबर सारखाच पाहिजे, वेगळा निघाला तर कुणीतरी आधी खेळ केलाय असं समजा. सगळं जागेवर असेल तर कव्हर बंद करा आणि तो नवीन सेटचा विचार सोडा. नवा सेट बसवणं म्हणजे पिनियनची खोली, दोन्ही प्रीलोड (बेअरिंगवर मुद्दाम ठेवलेला दाब), बॅकलॅश, मार्किंग ब्लू लावून दातांचा ठसा बघणं, हे सगळं जुळलं तरच तो जुन्यापेक्षा शांत चालतो. ज्याच्याकडे यासाठीची साधनं आणि सवय आहे त्याच्याकडेच हे काम द्या, बाकी सगळं तुम्ही घरी करू शकता.

आता तेल. डिस्कवर तेल येणं हा या डिझाइनचा जन्मजात आजार आहे. डिस्क डिफला चिकटून, गाडीच्या पोटात, तिथे वारा लागत नाही, ब्रेकची सगळी उष्णता आउटपुट शाफ्टच्या सीलवर येते, सील कडक होऊन तडकतं, तेल डिस्कवर, मग पॅडवर, मग हँडब्रेकही धरत नाही. सील बदलण्याआधी डिफचा ब्रीदर (हवा बाहेर सोडणारं छिद्र) उघडा आहे का बघा, तो मातीने बुजला असेल तर आत दाब तयार होतो आणि नवं सीलही गळणारच. सील घेताना व्हायटॉनचं घ्या, साध्या नायट्राइलपेक्षा उष्णता जास्त सोसतं. आउटपुट शाफ्टचं हौसिंग, म्हणजे ज्याच्यावर कॅलिपर बसतो ते, क्राऊन-पिनियनला न हलवता बाहेर येतं, म्हणून हे काम भीतीचं नाही. पण शाफ्टवर जिथे सीलची ओठ फिरते तिथे खाच पडली आहे का ते नखाने बघा, पडली असेल तर नवं सील महिनाभरसुद्धा टिकायचं नाही, स्लीव्ह घाला किंवा शाफ्ट बदला. आणि या हौसिंगमधली टेपर बेअरिंग कोलॅप्सिबल स्पेसरवर सेट होतात. नट थोडा थोडा आवळायचा, दर वेळी हाताने फिरवून बघायचं, प्रीलोड आला की थांबायचं. जास्त आवळला गेला तर नट मागे घेऊन भागत नाही, स्पेसर चेपलेला असतो, नवीन टाकावा लागतो. म्हणून दोन स्पेसर जास्तीचे मागवून ठेवा.

पिनियनच्या पुढच्या सीललाही हेच लागू. काही डिफमध्ये तिथे शिम (मोजलेल्या जाडीच्या पातळ चकत्या) असतात, काहींमध्ये कोलॅप्सिबल स्पेसर. तुमचा कुठला हे माहीत नसेल तर नट सोडायच्या आधी नट आणि शाफ्टवर खूण करा, फिरायला किती जोर लागतो ते मोजून लिहून ठेवा आणि बसवताना त्याच खुणेवर या.

पिंजरा उतरवायचं सांगतो पण फार लांबवत नाही, मॅन्युअलमध्ये क्रम नीट दिलाय. एक्झॉस्ट, प्रॉपशाफ्ट, हँडब्रेकची केबल, ब्रेकचा पाइप, अँटी-रोल बारच्या लिंक, रेडियस आर्मची पुढची टोकं, मग खाली रुंद लाकूड घालून ट्रॉली जॅक आणि शेवटी व्ही माउंट. अडतं कुठे तर रेडियस आर्मच्या पुढच्या टोकाला. बुशचा कप बॉडीच्या खुंटीवर गंजून बसलेला असतो, बोल्ट निघतो पण आर्म निघत नाही, तिथे पहार लावून फ्लोअरचा पत्रा वाकवू नका, पुलर करून घ्या. आणि तिथला पत्रा कुजलेला निघाला तर सस्पेन्शन थांबवा आणि आधी वेल्डिंग करा, कारण गाडीचा सगळा ओढा त्याच जागेवर येतो. एक सांगायचं राहिलं, पॅडची जुनी धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. त्या काळच्या पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा.

खरी परीक्षा बाहेरच्या फलक्रम शाफ्टची. विशबोनचं बाहेरचं टोक आणि हब कॅरियर यांच्यातून आरपार जाणारा लांब स्टीलचा शाफ्ट. हब कॅरियर अॅल्युमिनियमचा आहे, म्हणून गॅसची ज्योत लावायची नाही, हीट गनपर्यंत ठीक. एका टोकाचा नट काढा, दुसरीकडचा नट शाफ्टच्या टोकाबरोबर येईल इतपत उलटा फिरवून ठेवा म्हणजे आटे चेपणार नाहीत, पेनिट्रेटिंग ऑइल घालून एक-दोन दिवस सोडून द्या, मग पितळी ड्रिफ्ट आणि जड हातोडा. हलला तर उत्तम. नाही हलला तर हट्ट करू नका, विशबोनचा काटा आणि हब कॅरियर यांच्यामधल्या फटीतून दोन्हीकडे हॅक्सॉ ब्लेडने शाफ्ट कापून टाका. शाफ्ट नवीन मिळतो, कॅरियर आणि विशबोन त्यामानाने महाग आणि मिळायला अवघड. ग्रीस न मिळालेल्या गाडीत शाफ्टवर सुईच्या बेअरिंगच्या रेघा उमटलेल्या दिसतील, आतल्या फलक्रमवर तर हमखास, असा शाफ्ट परत घालू नका.

बसवताना एक गंमत लक्षात ठेवा. बाहेरच्या फलक्रमच्या टेपर बेअरिंगला प्ले नको, उलट 0 ते 0.002 इंच प्रीलोड हवा, आणि त्याच कॅरियरमधल्या चाकाच्या हब बेअरिंगला मात्र 0.002 ते 0.006 इंच प्ले हवाच. हे उलटं झालं तर हब तापून बेअरिंग निळं पडतं. फलक्रमला आधी मुद्दाम जास्त शिम घालून जोडा, डायल गेजने प्ले मोजा, समजा 0.007 आला, त्यात प्रीलोडचा 0.001 मिळवा, म्हणजे 0.008 इंचाचे शिम काढा, 0.004 चे दोन काढले की झालं. हबला अक्षरांच्या खुणा असलेले वेगवेगळ्या जाडीचे स्पेसर येतात, मोजून निवडायचे. अंदाजाने कुठलाच घालू नका. आतल्या फलक्रमला सुईची बेअरिंग, थ्रस्ट वॉशर, सील हे सगळं एका वेळी जागेवर धरायला तीन हात लागतात, म्हणून शाफ्टच्या व्यासाचा आखूड डमी दांडा बनवून घ्या. त्याच्यावर सगळं ग्रीसने चिकटवून उभं करायचं आणि खरा शाफ्ट आत सारताना डमी दुसऱ्या बाजूने आपोआप बाहेर पडतो. डमीशिवाय केलंत तर एक वॉशर नक्की खाली घसरतो आणि तुम्हाला कळतही नाही.

बुशबद्दल तुम्ही पॉलियुरेथेनचं विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे, व्ही माउंट आणि रेडियस आर्मला रबरच. रेडियस आर्मचं टोक ज्या वर्तुळात फिरतं आणि विशबोन ज्या वर्तुळात फिरते ती दोन वेगळी आहेत, तो फरक बुशलाच सोसावा लागतो. कडक बुश घातला की तो सोसत नाही आणि तो ताण बॉडीच्या खुंटीवर जातो, शिवाय डिफचा जो सूर आत्ता कमी ऐकू येतोय तो थेट कानात. रेससाठी गाडी बनवत असाल तर गोष्ट वेगळी. मोठा बुश दाबताना रबरातली दोन भोकं आर्मच्या लांबीच्या रेषेत आली पाहिजेत, आडवी नाही. आणि बोल्टचा शेवटचा टॉर्क गाडी चाकांवर उभी असताना द्या, हवेत आवळलात तर रबर कायम पीळ पडलेलंच राहतं.

पिंजरा बाहेर आहे तोवर कॅलिपर, हँडब्रेकची यंत्रणा, ब्रेक पाइप, चारही स्प्रिंग-शॉकॉब बघून घ्या, गाडीखाली झोपून मागचा कॅलिपर काढायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. पिंजरा स्पॉट वेल्डच्या जोडांवर गंजतो आणि तडकतो, साफ केल्यावर तिथे भिंग लावून बघा. पावडर कोटिंग करणार असाल तर बोल्टच्या बैठकीच्या जागा झाकून घ्या, नाहीतर जाड थर दबतो आणि बोल्ट ढिले होतात. डिफचे वरचे बोल्ट, कॅलिपरचे बोल्ट यांना लॉक वायर आहे ती परत घालायचीच, वायर बोल्टला आवळण्याच्या दिशेने ओढणारी हवी.

कॅम्बर, म्हणजे चाक आत-बाहेर किती कललंय ते, शेवटी. ठरलेल्या लांबीच्या सेटिंग लिंक लावून सस्पेन्शन नेहमीच्या उंचीवर धरायचं आणि मग मोजायचं, नाहीतर आकड्याला काही अर्थ नाही. हवा असतो निगेटिव्ह पाऊण अंश, पाव अंश इकडेतिकडे. ड्राइव्हशाफ्टचा फ्लॅन्ज आणि डिस्क यांच्यामध्ये 0.020 इंचाचे शिम असतात, एक शिम म्हणजे साधारण पाव अंश. शिम वाढवला की शाफ्ट जणू लांब होतो, चाकाचं डोकं बाहेर जातं, निगेटिव्ह कमी होतो. पण डिस्क कॅलिपरच्या मधोमध आणायचे शिम वेगळे, ते डिस्क आणि डिफच्या फ्लॅन्जमध्ये. आधी डिस्क मधोमध आणा मग कॅम्बर, कारण पहिलं बदललं की दुसरं बदलतंच. उतरवताना दोन्ही बाजूंचे शिम वेगवेगळ्या पिशव्यांत डावी-उजवी लिहून ठेवा.

रेशोबद्दल, म्हणजे क्राऊन आणि पिनियनच्या दातांच्या प्रमाणाबद्दल. टॅगवर 46/13 असेल तर 3.54 आहे, 43/14 असेल तर 3.07. 3.54 ची गाडी 3.07 केली तर जिथे इंजिन 3000 आरपीएमला फिरायचं तिथे साधारण 2600 ला फिरेल, हायवेवर छान वाटतं, चढावर आणि शहरात थोडी सुस्त होते. पण मीटरची केबल गिअरबॉक्सवरून आहे, म्हणून स्पीडोमीटर चुकीचं दाखवेल, ते कॅलिब्रेट करावं लागेल. एक्सजे सेडानचा जुना डिफ स्वस्तात मिळतो म्हणून अख्खा पिंजरा आणू नका, डिफ जवळपास तोच असला तरी ती गाडी रुंद आहे, विशबोन आणि ड्राइव्हशाफ्ट लांब आहेत. नुसता डिफ घेत असाल तर घेण्याआधी कव्हर काढून दात बघा.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा: तपासणी, पिंजरा एकदाच खाली, सगळे क्रॉस, आउटपुटची बेअरिंग-सील, फलक्रम, हब, रबर, ब्रेक, आणि डिफचं कव्हर काढून फक्त मोजमाप. तेल ईपी 90 हायपॉइड, पॉवर-लॉक असेल तर लिमिटेड स्लिपवालं, साधारण दीड लिटर, गाडी सपाट उभी करून फिलरच्या कडेपर्यंत. हबला ग्रीस हाताने भरा, गनने दाबून भरलंत तर सील बाहेर ढकललं जातं. काही शेकडा किलोमीटर चालवल्यावर सगळे टॉर्क परत तपासा. त्यानंतरही सूर राहिला तर तो ओढताना येतो की सोडल्यावर, कुठल्या स्पीडला, टॅगवर काय आकडे आहेत, आणि मोजलेला बॅकलॅश व कोरलेला बॅकलॅश किती, एवढं इथे लिहा, मग क्राऊन-पिनियनचं बोलू.